रेंजवर ढकलू नका

ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड झाला नाही, की हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापुरात दोन निदाने तयार असतात. ऑनलाइन सेंटरवाला म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी या.’ तक्रार वरच्या कार्यालयात नेली तर ऐकायला मिळते, ‘तुमच्या भागात रेंजच नसते.’ एकाने बोट मुंबई-पुण्याकडे दाखवले, दुसऱ्याने कयाधू नदीच्या पट्ट्यातल्या शिवाराकडे. तपासले दोघांनीही काही नाही.

यातले दुसरे निदान अलीकडे फार प्रतिष्ठित झाले आहे. बैठकांत, चर्चासत्रांत, संगणकाच्या धंद्यातल्या माझ्या सहकाऱ्यांच्या गप्पांतसुद्धा ते एका ठरलेल्या साखळीत येते. ग्रामीण भागात जोडणी कच्ची आहे, टॉवर वाढले की प्रश्न मिटेल. तोवर शेतकऱ्याने शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आधीच नोंद करावी. आणि नाहीच गेली, तर पुन्हा प्रयत्न करावा, त्यात काय एवढे? ऐकायला समंजस वाटणारे हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक आणि व्यवहारात अन्यायाचे आहे. माहिती सर्व्हरपर्यंत पोचून तिथे नोंदली गेली की नाही, हे नक्की सांगू शकणारी बाजू एकच असते, ती म्हणजे घेणारी. तिने पोच दिली नाही, तर त्या संदिग्धतेची किंमत तिनेच मोजली पाहिजे. आज ती पाठवणारा मोजतो.

किंमत किती, ते आधी पाहू. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने झालेल्या या प्रकल्पामुळे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, जी पूर्वी तलाठी करायचा, ती शेतकऱ्याच्या हाती आली. कल्पना चांगली होती, हे मी आढेवेढे न घेता मान्य करतो. सज्जात बसून रकाने भरले जातात, रानात हळद उभी असताना कागदावर दुसरेच पीक निघते, ही तक्रार जुनी होती. त्यामुळे ‘कागदच बरा होता’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पण नोंद शेतकऱ्याच्या हाती आली, तशी नोंद न होण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडली. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्याने दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये अर्थसाहाय्य जाहीर केले, तेव्हा पात्रतेची अट होती ई-पीक पाहणीतली नोंद. कळमनुरी तालुक्यातल्या खरिपातून सोयाबीन काढले तर उरते काय? अटीवरून ओरड झाली आणि सातबाऱ्यावरची नोंदही ग्राह्य धरावी लागली. म्हणजे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा हक्क काही काळ एका नोंदीच्या प्रवासावर लटकला होता. तो प्रवास कसा होतो हे बघितल्याशिवाय ‘रेंज नाही’ या दोन शब्दांत काय काय झाकले जाते ते कळत नाही.

फोनमधल्या ॲपने ‘पाठव’ म्हटले, की फोटो लगेच निघत नाही. तो आधी फोनच्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, उतरतो. तिथे जागा मिळाली की ऑपरेटिंग सिस्टिम ॲपला कळवते, ‘लिहून झाले.’ या क्षणी एकही बाइट बाळापूर सोडून गेलेला नसू शकतो. मग टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर मजकूर पोचवण्याची ठरलेली पद्धत, त्या मजकुराचे साधारण १,४०० बाइटचे तुकडे करते. ३ एमबीच्या फोटोचे दोन हजारांवर तुकडे होतात. ते मिळाल्याची खूण पलीकडून येत राहावी लागते; न आल्यास फोन तो तुकडा पुन्हा पाठवतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत (अँड्रॉइड लिनक्सवरच उभे आहे) हे पुन्हा पाठवणे पंधरा वेळा, सुमारे पंधरा मिनिटे चालू शकते. वाटेत टॉवर आहे, मोबाइल कंपनीचा गेटवे आहे, हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवणारी व्यवस्था आहे, डेटा सेंटरच्या तोंडाशी लोड बॅलन्सर आहे, त्यामागे वेब सर्व्हर, त्यामागे ॲप्लिकेशन आणि सगळ्यांत शेवटी डेटाबेस. यांपैकी कुठेही गाडी अडू शकते. शेतकऱ्याला मात्र कुठेही अडली तरी एकच वाक्य दिसते: ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा.’

फोनला फरक कळलेला असतो, हा माझा पहिला आक्षेप. खरोखर रेंज गेली असेल तर ‘नेटवर्क अनरीचेबल’ ही त्रुटी लगेच मिळते, किंवा सर्व्हरच्या नावाचा पत्ताच सापडत नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर अर्थ बहुतेक वेळा नेमका उलटा: रेंज आहे, पलीकडचे यंत्र जिवंत आहे, पण त्या दारावर ऐकणारा प्रोग्राम बंद आहे. ‘कनेक्शन रिसेट’ म्हणजे जोडणी झाली होती, बोलणे चालू होते आणि पलीकडच्याने किंवा मधल्या यंत्राने ते मध्येच तोडले. ‘ब्रोकन पाइप’ म्हणजे पलीकडून आधीच बंद झालेल्या जोडणीत आपण लिहीत राहिलो. ‘टाइम-आउट’ सर्वांत अवघड, कारण त्यातून फक्त शांतता कळते. कारण कळत नाही. या पाच अवस्थांपैकी निखळपणे रेंजची म्हणावी अशी एकच आहे. बाकीच्या चारांत दोष सर्व्हरचा, मधल्या यंत्राचा किंवा मांडणीचा असू शकतो. एवढा तपशील हाती असताना ॲप त्याचे एक गुळमुळीत वाक्य करून दाखवते, ते कुणाच्या सोयीसाठी?

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ‘टॉवर आला की प्रश्न मिटेल’ म्हणणाऱ्यांना ते अडचणीचे आहे. एन्जिनएक्स हा जगभर वापरला जाणारा वेब सर्व्हर आहे. कुणी बदल केला नाही, तर तो १ एमबीपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही. ४१३ क्रमांकाची त्रुटी देऊन दार लावतो. आजच्या साध्या फोनचा फोटोही ३-४ एमबीचा असतो. आता गंमत अशी, की सर्व्हरने नकार देऊन जोडणी बंद केली तरी फोन अजून फोटो पाठवतच असतो. त्याला मिळते ‘रिसेट’ किंवा ‘ब्रोकन पाइप’. नकाराचे कारण सांगणारे उत्तर तो वाचतच नाही. ब्राउझरांना ही त्रुटी नीट दाखवता येत नाही, असा इशारा एन्जिनएक्सच्या स्वतःच्या दस्तऐवजात आहे. म्हणजे सर्व्हरच्या मांडणीतली एक ओळ चुकली आणि बाळापूरच्या बांधावर उभ्या माणसाला दिसले काय, तर ‘नेटवर्कची त्रुटी’. ई-पीक पाहणीत हेच घडले असे मी म्हणत नाही. बाहेरून दिसणाऱ्या वाक्यावरून ते घडले नाही असेही कुणाला म्हणता येत नाही, आणि तरीही दोष रेंजचा ठरवून मंडळी मोकळी होतात.

रेंज असूनही फोटो अडण्याचा दुसरा प्रकार याहून चकवणारा आहे. वाटेतल्या एखाद्या टप्प्यावर मोठी पाकिटे जात नाहीत आणि ‘लहान पाठवा’ हा परतीचा निरोप कुणीतरी भिंतीआड अडवलेला असतो. मग लॉगिन होते, ओटीपी येतो, गट क्रमांक उघडतो, पिकाचे नाव जाते. अडतो तो फक्त फोटो. लहान मजकूर लहान पाकिटांतून निघून जातो, फोटोची पाकिटे भरलेली असतात. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या आणि गोल फिरतोय. इथे गावात आणखी दहा टॉवर उभारले तरी काडीचा फरक पडणार नाही.

‘पण काही शिवारांत खरोखर रेंज नसते’, हे मला कुणी सांगायला नको. नसतेच. त्यासाठीच नोंद फोनमध्ये ठेवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची सोय असते आणि ई-पीक पाहणीच्या सूचनांतही ती सांगितली जाते. ती सोय योग्यच आहे. मग रेंज नसण्याचा प्रश्न तिथेच संपायला हवा होता. माणूस रानातून फोटो घेऊन नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या बाळापुरात येतो, चहाचे पैसे क्यूआर स्कॅन करून देतो, व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो पाहतो आणि त्याच खुर्चीवर बसून त्याचे अपलोड अडकते. आता कोणती रेंज नाही?

यावर धंद्यातले लोक सांगतात, की पैशांचा निरोप काही केबींचा असतो, फोटो काही एमबींचा. म्हणून ही तुलना चुकीची आहे, असे त्यांचे म्हणणे. मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच व्हॉट्सॲपचे उदाहरण घेऊ, तिथेही फोटोच जातात. फोनवर फोटो आधी लहान केला जातो. रेंज नसेल तर घड्याळाचे चिन्ह दिसते, म्हणजे अजून इथेच आहे. एक टिक म्हणजे सर्व्हरने घेतला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. वापरणाऱ्याने काही करायचे नसते, रेंज आली की तो आपोआप जातो. बाळापूरच्या बाजारात कधी शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही हे तीन टप्पे वेगळे कळतात. ‘ग्रामीण वापरकर्त्याला तांत्रिक तपशील दाखवला तर गोंधळ होईल’, ही सबब त्या टिकांनी निकालात काढली आहे. सुशिक्षितांचाच गोंधळ होत असेल तर माहीत नाही.

आता ‘आधीच का नाही केले?’ या प्रश्नाकडे येऊ. तो विचारणाऱ्याने आयकराची आठवण ठेवावी. २०२५ मध्ये विवरणपत्राची मुदत आधी ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या दिवशी आणखी एका दिवसाने वाढवून १६ सप्टेंबर करावी लागली. हे भरणारे लोक कळमनुरी तालुक्यातले बहुसंख्य नव्हते. मुंबई-पुण्याचे पगारदार आणि त्यांचे सनदी लेखापाल होते. शेवटच्या दिवशी गर्दी करणे ही माणसाची सवय आहे, शेतकऱ्याची खोड नाही. शिवाय इथे गर्दी अचानक येणारी नसते. खातेदार किती, सातबारे किती, मुदत कोणत्या तारखेला संपते, हे सगळे शासनाला कुणाच्याही आधी ठाऊक असते. सर्व्हरवर किती भार येणार याचा इतका नेमका अंदाज बांधता येईल अशा सेवा फार थोड्या असतील. तरी २०२५ च्या खरिपात शेतकरी स्तरावरची १४ सप्टेंबरची मुदत पुढे ढकलावीच लागली. मुदतवाढ म्हणजे यंत्रणेनेच दिलेली कबुली असते. फक्त ती कबुली म्हणून लिहिली जात नाही, सवलत म्हणून जाहीर होते.

आणि शेतकऱ्याने थांबावे असे पीकच त्याला सांगते. पेरणी उशिरा झाली, दुबार पेरणी करावी लागली, रान चिखलात आहे, तर ऑगस्टच्या पहिल्या तारखेला फोटो कशाचा काढायचा?

‘पुन्हा प्रयत्न करा’ हा तिसरा सल्ला सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि माझा सर्वांत जास्त राग त्यावरच आहे. समजा, फोटो पूर्ण गेला, ॲप्लिकेशनने तो डेटाबेसकडे दिला, पण डेटाबेसवर भार असल्याने उत्तराला वेळ लागला. मधल्या सर्व्हरने ठरलेला वेळ, एन्जिनएक्समध्ये मूळचा ६० सेकंद, वाट पाहिली आणि ५०४ क्रमांकाची त्रुटी देऊन फोनला अपयश कळवले. डेटाबेसने मात्र ७० व्या सेकंदाला नोंद पूर्ण केली. आता नोंद आहे, पण शेतकऱ्याला ती नाही असे सांगितले गेले आहे. तो पुन्हा पाठवतो. मांडणी ढिसाळ असेल तर दुहेरी नोंद होते, किंवा ‘या गटाची नोंद आधीच आहे’ म्हणून लाल अक्षरांत नकार येतो. तो माणूस तालुक्याला फेरी मारतो.

हे संगणकशास्त्रातले जुने कोडे आहे. दोन सेनापतींनी, मधल्या दरीत जासूद पकडला जाऊ शकतो अशा स्थितीत, हल्ल्याची वेळ पक्की कशी करायची? १९७५ मध्ये ते मांडले गेले आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचे नाव दिले. उत्तर असे, की बेभरवशाच्या वाटेवरून दोघांची शंभर टक्के खात्री कधीच होऊ शकत नाही. पण म्हणून धंदा थांबला नाही. तोड अशी निघाली, की प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरने तोच क्रमांक दहा वेळा आला तरी नोंद एकदाच करायची, उत्तर मात्र दहाही वेळा ‘मिळाली’ असे द्यायचे. एवढे केले तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा सल्ला सुरक्षित होतो. न करता दिला, तर तो सल्ला देणाऱ्याला आपल्याच यंत्रणेची माहिती नाही.

हजारो माणसे एकाच वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबतात तेव्हा काय होते, हेही नवे नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर ४०० यार्ड, म्हणजे बाळापूरच्या बसथांब्यावरून बाजारात जाण्याएवढे. तारा शाबूत होत्या. पोच उशिरा येते म्हणून यंत्रे तीच पाकिटे पुन्हा पाठवत होती आणि त्या पुनःपाठवणीनेच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला जे शिकवले त्यातला एक भाग साधा होता: अपयश आले की दर वेळी जास्त थांब. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी आपण यंत्राऐवजी माणसाला पुन्हा पाठवायला बसवले आहे, आणि किती थांबायचे ते त्याला सांगत नाही. ‘किती वेळाने परत ये’ हे ५०३ या उत्तरासोबत सर्व्हरला कळवता येते, तशी जागा एचटीटीपीच्या नियमांतच आहे. ते कळवायच्या ऐवजी सेंटरवाले रात्री बारानंतर बसतात, कारण ‘रात्री सर्व्हर मोकळा असतो.’ या एका अनुभवसिद्ध वाक्यात रेंजची सबब उघडी पडते. टॉवर रात्री वाढत नाहीत.

कुणी म्हणेल, सरकारी यंत्रणेकडून एवढी अपेक्षा फार झाली. मग बँकांचे पाहा. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी अडकलेल्या व्यवहारांबाबत परिपत्रक काढले. यूपीआयवरून पैसे पाठवताना खात्यातून कापले गेले पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. नाही आले तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि ती भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यायची. या नियमाने एक गोष्ट ठरवून टाकली: मधल्या वाटेवर काय झाले याचा शोध ग्राहकाने घ्यायचा नाही. बँकांनी कुरकुर केली असेल, पण व्यवस्था नीट झाली. पैशाच्या निरोपाला हा न्याय लागू आहे, तर पैशाचा हक्क ठरवणाऱ्या पीकनोंदीला का नाही?

खुद्द राज्यातही हा न्याय पाळला गेला आहे. जानेवारी २०२१ मधल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरायचे होते. डिसेंबरअखेर अर्ज जाईनात, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने पारंपरिक पद्धतीने, म्हणजे कागदावर, अर्ज घेण्याची मुभा दिली आणि वेळही वाढवली. डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीतही तेच करावे लागले. कुणी उमेदवाराला ‘तुमच्या गावात रेंज नाही, पुढच्या निवडणुकीत या’ असे सांगितले नाही. उमेदवाराच्या मागे कार्यकर्ते असतात आणि न्यायालयाचे दार जवळ असते, हे एक कारण असावे. सोयाबीनच्या मागे कोण आहे? ई-पीक पाहणीत सहायकामार्फत उरलेल्या नोंदी करून घेण्याची तरतूद आहे, हे मान्य. पण सहायकाचाही फोन त्याच सर्व्हरशी बोलतो.

अंगणवाडी सेविकांनी मात्र वेगळा मार्ग धरला. २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे, पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत, माहिती भरली नाही तर जाब आपल्याला, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ‘त्यांना प्रशिक्षण हवे’ असे तेव्हाही म्हटले गेले. माहिती पाठवणारी व्यक्ती जितकी खालच्या पायरीवर, तितकी त्रुटी तिच्या अज्ञानात शोधली जाते. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला ‘मागास’ हे विशेषण इतके चिकटले आहे, की इथे रेंज नसेल हे कुणालाही पटते. सबब पटते म्हणून ती तपासली जात नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहण्यासारखे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकीय यंत्रणेत शिरला की तो रवाना झाला असे धरले जाते. तो मिळाला कधी, याचा हिशेब त्याच कलमात वेगळा आहे. कलम १२ तर पोच देण्याबद्दलच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच, तारीख आणि स्वतंत्र क्रमांक देण्याची अपेक्षा आहे. म्हणजे रवाना होणे आणि मिळणे या दोन घटना निराळ्या आहेत, हे कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वी ओळखले. आपल्या ॲपांच्या पडद्यावर मात्र त्या अजून एकच आहेत.

साल्टझर, रीड आणि क्लार्क या तीन संगणकशास्त्रज्ञांचा एक निबंध आहे, १९८१ मध्ये मांडलेला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात एमआयटीतली एक हकिगत आहे. मधल्या एका गेटवे यंत्रात बिघाड होता; दर दहा लाख बाइटांमागे एखाद्या वेळी तो बाइटांच्या जोडीची अदलाबदल करी. वाटेतला प्रत्येक टप्पा तपासला जात होता, तरी फाइली खराब होत गेल्या, कारण बिघाड दोन टप्प्यांच्या मधोमध, यंत्राच्या पोटात होता. त्यांचे म्हणणे असे, की खरी तपासणी दोन टोकांनीच करायची असते. मधल्या प्रत्येकाने ‘माझ्याकडून गेले’ म्हणण्याला अर्थ नाही. मोंढ्यात हळदीची पोती उतरली म्हणून कुणी शेतकरी घरी जात नाही. काटा होऊन काटापट्टी हातात पडते तेव्हाच माल दिला असे तो समजतो. अपलोडच्या पडद्यावर शंभर टक्क्यांची पट्टी भरली म्हणजे पोती उतरली, एवढेच.

म्हणून मागणी टॉवरची करू नका. ती करणारे पुष्कळ आहेत, आणि ती पूर्ण झाली तरी वरचे सगळे दोष तसेच राहतील. मागणी अशी हवी: डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाल्यावरच दिला जाणारा पोच क्रमांक, तोही एसएमएसने, म्हणजे फोन बदलला तरी हाती राहील. फोटो फोनवरच लहान करून तुकड्यातुकड्याने पाठवणे, आणि अडला तर जिथे अडला तिथून पुढे. त्रुटीचे खरे कारण मराठीत: ‘तुमची रेंज गेली’, ‘सर्व्हर व्यस्त आहे, वीस मिनिटांनी आपोआप पाठवू’, ‘फोटो मोठा आहे’. आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाचे, फोनवर तारीख-वेळेसह झालेली नोंद मुदतीतली मानण्याचा नियम, मग ती सर्व्हरला पोचायला चार दिवस लागोत. फोनचे घड्याळ मागे करून लबाडी होईल, ही शंका रास्त आहे. पण त्या फोटोसोबत जागेची आणि उपग्रहाच्या वेळेची खूण घेता येते, आणि काही टक्के नोंदींची पडताळणी महसूल यंत्रणा करतच असते. चार लबाडांच्या भीतीने सगळ्यांच्या नोंदी टांगणीला ठेवणे ही काटकसर नव्हे. यातले काहीही नवे तंत्रज्ञान नाही, आणि यातल्या एकाही गोष्टीला बाळापुरात टॉवर लागत नाही.

ते होईपर्यंत वाचकांनी एवढे करावे. अपलोड अडकले तर घाईने ॲप काढून पुन्हा टाकू नका. पाठवायची राहिलेली नोंद त्यासोबत पुसली जाऊ शकते. त्याच फोनवर दुसरे काही उघडते का ते बघा, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर करून बघा, नांदेडात किंवा हिंगोलीत कुणी नातेवाईक असेल तर त्याचे त्याच वेळी अडकते का ते विचारा. दुसरे काही उघडत असेल आणि अपलोड मात्र दुसऱ्या सिमवर आणि नातेवाइकाकडेही अडत असेल, तर दोष तुमच्या रानात नाही, हे खात्रीने समजा. पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ दिसू द्या. मग साध्या कागदावर गट क्रमांक, पीक, प्रयत्नाची तारीख-वेळ लिहून अर्ज तयार करा, मुदत संपायच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय उठू नका. ‘ऑनलाइनचे अर्ज आम्ही घेत नाही’ असे म्हणाले, तर तेच त्यांच्याकडून लेखी मागा.